माकडं मारून माकडताप जाईल?

रानवाट: काल इथे एकाने लिहिलं, "माकडतापावर एकच इलाज, माकडं मारा. काजूही वाचेल, माणसंही." वाचल्यापासून चैन नाही. २०१६ च्या काजू हंगामात सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात माझे काका बिया वेचून आले ते तापाने फणफणूनच. डोकं फुटेल असं दुखणं, अंग मोडून येणं, मग हिरड्यांतून रक्त. मलेरिया समजून गोळ्या दिल्या. रक्ताचा निकाल येईपर्यंत आम्ही अर्धमेले. काका वाचले, पण पुढे कित्येक दिवस पायऱ्या चढवत नव्हत्या. हा ताप माकड देत नाही, विषाणू असलेली गोचीड चावून देते. तोच विषाणू माकडालाही मारतो. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी पातेऱ्यात, म्हणजे वाळक्या पानांत, उतरतात आणि नवं रक्त शोधतात. गोळी घालून मारलंत तरी गोचिडी उतरणारच.

बागायतदार: लिहिणारा मीच. काकांचं वाचून वाईट वाटलं. पण ताई, तुम्ही बागेवर पोट भरता का? केलड्यांनी, म्हणजे माकडांनी, शहाळी पाडली, केळीचा एक घड ठेवला नाही, आता कोवळी बोंडं कुरतडतायत. पंचनाम्यासाठी तीन हेलपाटे, हातात छदाम नाही. आमी खावचा काय?

पुण्यातून: १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात आधी माकडंच मरू लागली, मग माणसं. पीतज्वर (यलो फीव्हर) आला की काय अशी धास्ती होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने विषाणू वेगळा केला. माकडं मेली म्हणून तर रोग कळला. ती मारून टाकलीत तर इशारा कोण देणार?

बागायतदार: पुण्यात बसून इशारे! नुकसान तुमच्या गच्चीत नाही होत.

सत्तरीची: दादा, आवाज खाली. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, पाली गावात हा ताप २०१५ ला आला तेव्हा कुणाला नावही माहीत नव्हतं. रानात सोडलेल्या गुरांवरही मोठ्या गोचिडी पोसतात. माणसाला चावतात ती त्यांची पिल्लं, तिळाएवढी, दिसतसुद्धा नाहीत. डिसेंबर ते मे, नेमकी काजूच्या दिवसांत.

बागायतदार: म्हणजे आता गुरंही विका?

सत्तरीची: कोण म्हणालं विका? गोठ्यात गोचिडीचं औषध मारा, रानात जाताना गोचीड दूर ठेवणारं डीएमपी तेल अंगाला लावा, आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करा. मी तेवढंच करते.

पुण्यातून: लसही होती. पुन्हा पुन्हा टोचावी लागायची आणि तरी संरक्षण अपुरं, म्हणून कर्नाटकने ती थांबवली. ६५ वर्षं उलटली तरी गरिबाच्या रानातल्या रोगाला धड लस नाही, याचा मला जास्त संताप येतो.

बागायतदार: हे मात्र खरं बोललात. पण केलड्यांचं काय? हिमाचलात माकडांचं निर्बीजीकरण करतात, कोकणाने काय पाप केलंय?

रानवाट: त्यासाठी वेगळं भांडा, मीही सही करीन. पण तापाचं नाव पुढे करून बंदूक मागू नका. माणसं गोचिडी विसरतील आणि आणखी काका आजारी पडतील.

बागायतदार: ठीक. तापापुरतं मागे घेतो, नुकसानीचं नाही. परवा ओहोळाच्या वरच्या अंगाला एक मेलेलं केलडं दिसलं. पायाने ढकलून झुडपात सारलं.

रानवाट: परवा? आजच आरोग्य केंद्रात कळवा, तिथे औषध मारायला हवं. आणि तुम्हाला ताप आला तर अंगावर काढू नका, केलड्याजवळ गेलो होतो हे डॉक्टरांना आधी सांगा. त्या ओहोळावरून बाया बिया वेचायला जातात ना?

बागायतदार: जातात. माझी बायको पण. फोन लावतो.