सॉल्ट लेक स्टेडियम: खुर्च्या आल्या, गर्दी गेली?

गच्चीवरचा
परवा कोलकात्याच्या सॉल्ट लेकवरचा मोहन बागान–ईस्ट बंगाल सामना (शहरातले दोन कट्टर वैरी फुटबॉल क्लब) टीव्हीवर बघत होतो. खुर्च्यांच्या त्या रंगीत रांगा बघून जीव हळहळला.

बाबांची बँकेतून कोलकात्याला बदली झाली होती तेव्हाची गोष्ट. १३ जुलै १९९७, याच दोघांची फेडरेशन कपची सेमीफायनल. काँक्रीटच्या पायरीवर वर्तमानपत्र अंथरून बसलो होतो. शेजारच्या काकांनी स्वतःच्या ठोंग्यातली झालमुडी माझ्या ओंजळीत ओतली, वर ओल्या खोबऱ्याचा काप. आठवडाभर बागानचे प्रशिक्षक अमल दत्तांच्या 'डायमंड' रचनेचा (खेळाडू हिऱ्याच्या आकारात उभे करायचे) गाजावाजा चालला होता, पी. के. बॅनर्जींच्या ईस्ट बंगालने ती ४-१ अशी मोडीत काढली. त्यांच्या बायचुंग भुतियाची हॅटट्रिक! प्रेक्षक १,३१,७८१.

२०१७च्या युवा विश्वचषकासाठी तिथे बकेट सीट बसवल्या. इंग्लंडने स्पेनला ५-२ हरवलं त्या फायनलचा आकडा ६६,६८४, म्हणजे जवळपास निम्मा. फिफाच्या पाहुण्यांसाठी घर सजवलं आणि घरचीच माणसं बाहेर राहिली, असं माझं मत. तुम्हाला काय वाटतं?

मीठभाकर
साफ असहमत. गर्दीचे गोडवे गाताना १६ ऑगस्ट १९८० आठवा. सामना हाच, फक्त ईडन गार्डन्सवर. दोन्हीकडचे पाठीराखे एकाच स्टँडमध्ये, मैदानातली बाचाबाची वर पोचली, चेंगराचेंगरीत १६ जण गेले. खुर्चीला नंबर असला की तिकिटं किती विकायची याला आपोआप लगाम बसतो. लाखभर माणूस मावतो, हे ठीक. बाहेर कसा पडतो?

सावळी
मीठभाकर +१. मी तिथे शिकायला होते, नूतनीकरणाआधीच. पायऱ्यांवर मागच्याचे गुडघे सतत पाठीत, आणि सरकायला जागा नाही. 'चुकून लागलं' किती वेळा ऐकायचं? तुमच्या आठवणीतल्या त्या लाखात बायका किती होत्या, जरा डोळ्यांसमोर आणा. खुर्चीमुळे निदान माझी जागा माझी असते.

गच्चीवरचा
सावळी, हा मुद्दा मला सुचलाच नव्हता, खरंच. पण ईडनच्या दुर्घटनेचं खापर पायऱ्यांवर का? तिथे समर्थक वेगळे बसवले नव्हते, हा बंदोबस्ताचा दोष.

मीठभाकर
बरं, मग सॉल्ट लेकचंच घ्या. ९ डिसेंबर २०१२. दगड येऊन बागानच्या रहीम नबीला लागला, सामना अर्धवट सोडावा लागला.

गच्चीवरचा
दगड माणसाने मारला हो, पायरीने नाही.

ऑफसाइड
दोघंही खुर्चीवरूनच भांडताय (राजकारण्यांसारखे). खरी अडचण मैदानाभोवतीच्या धावपट्टीची आहे, तिच्यामुळे प्रेक्षक लांब पडतो. १९८४ साली हे स्टेडियम सुरू झालं ते फुटबॉल आणि ॲथलेटिक्स दोन्हींसाठी: लंबवर्तुळाकार, तीन मजली. गोलमागे वरच्या मजल्यावर बसलात तर पलीकडच्या टोकाला काय चाललंय ते अंदाजपंचे. समोरचे उठले की आपण उठायचं, ते ओरडले की आपण ओरडायचं. इतकं नूतनीकरण केलं, पण प्रेक्षक मैदानाच्या एक वीतही जवळ आला नाही.

एक काम मात्र चोख झालं: कृत्रिम हिरवळ काढून पुन्हा खरं गवत लावलं. बंगालच्या उन्हात प्लॅस्टिक किती तापतं आणि त्यावर घसरलं की कातडी कशी सोलते, ते खेळलेल्याला विचारा. मी पुण्यात खेळलोय तशा टर्फवर. मांडीवर डाग आहे अजून.

मीठभाकर
धावपट्टी काढायची तर ॲथलीटांनी कुठे पळायचं? स्टेडियम सरकारी आहे, दोन क्लबांची खासगी मालमत्ता नव्हे.

ऑफसाइड
वर्षातले किती दिवस पळतात तिथे? फुटबॉलसाठी मात्र हजारो माणसं दर वेळी लांबून बघतात.

गच्चीवरचा
गवताबद्दल शंभर टक्के मान्य. सावळींच्या मुद्द्यावर मी एक पाऊल मागे: खुर्च्या राहू देत. पण गोलमागचा एक पट्टा तरी उभं राहून बघणाऱ्यांसाठी ठेवा, कठडे लावून, मोजून तिकिटं देऊन. जर्मनीत डॉर्टमुंडच्या स्टेडियममध्ये एका बाजूला जवळपास २५,००० लोक उभे असतात. म्हणजे गर्दी आणि सुरक्षितता एकत्र नांदतात.

मीठभाकर
जर्मनीतला बंदोबस्तही आणणार का सोबत?

सावळी
अवांतर: गच्चीवरचा, त्या दिवशी घरी काय शिजलं? बागान जिंकलं की कोळंबी, ईस्ट बंगाल जिंकलं की इलिश (हिलसा मासा), असा तिथला रिवाज ना?

गच्चीवरचा
इलिशच! ईस्ट बंगाल जिंकलं होतं ना. बाबांनी येताना आणला आणि आईने त्याचं आमसूल घालून कालवण केलं. शेजारच्या काकू बागानवाल्या. पराभव त्यांनी पचवला, पण इलिशात आमसूल घातलं म्हणून आठवडाभर आईशी बोलल्या नाहीत.