फ्लेक्सवर सगळीकडं तेच तेच डायलॉग, गिऱ्हाइकाला कसं समजवायचं?

फ्लेक्सवाला_कोरेगाव

नमस्कार मंडळी. कोरेगावात माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. वाढदिवस, पोलीस भरतीत निवड, निवृत्ती, गावची यात्रा, दशक्रिया, सगळंच छापतो. फोटो गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर पाठवतं, मॅटर मात्र बहुतेक वेळा दुकानात उभं राहूनच ठरतं. माझी अडचण त्या मॅटरची आहे.

पोरांना विचारलं, "काय टाकायचं?" की उत्तर ठरलेलं. "टाका की, नाद खुळा, विषय हार्ड." नाहीतर "जाळ अन् धूर संगटच". २०२२ च्या जूनमध्ये सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं गुवाहाटीहून फोनवर झालेलं बोलणं पसरलं, "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील". त्यानंतर कितीतरी दिवस जो येईल त्याला "एकदम ओक्के"च पाहिजे. बारशाला ओक्के, बोअरला पाणी लागलं तरी ओक्के, सोसायटीच्या निवडणुकीत पॅनेल आलं तरी ओक्के. बोलण्यातही तेच. एखाद्याला विचारावं, "वडलांचं ऑपरेशन कसं झालं?" तर म्हणणार, "एकदम ओक्के." आता पुढं काय विचारायचं? टाके निघाले का, जेवायला लागले का, ते राहूनच जातं.

मध्यंतरी एका गावची पोरं वायरमनच्या निवृत्तीचा फ्लेक्स करायला आली. दहा बाय आठ, लोखंडी चौकटीसकट. मॅटर आणलं होतं, "डेरिंगबाज, दिलदार, किंगमेकर, वाघ आला की रस्ता मोकळा". फोटो बघितला तर चष्मेवाला, अंगानं बारीक, खिशाला टेस्टर लावलेला माणूस. मी सहज विचारलं, "ह्यांनी गावासाठी केलं काय?" आधी "लय भारी माणूस" एवढंच. मग एकजण बोलायला लागला. त्याच्या आजोबांच्या शेतातल्या मोटरला लाइट आली की आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच नव्हता. थ्री फेज लाइट रात्रीची असायची, कधी बारानंतर, कधी दोनला. लाइट सोडली की हा वायरमन आजोबांना फोन करायचा, "तात्या, उठा, आली." असं कितीतरी वर्षं. दुसऱ्यानं पावसात डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाल्याची रात्र सांगितली. दहा मिनिटं ती पोरं काउंटरला टेकून बोलत होती, गिऱ्हाईक मागं थांबलं होतं तरी कुणाला घाई नव्हती. शेवटी मी म्हटलं, मग हेच टाकू या का? "तात्या, उठा, लाइट आली" एवढीच ओळ, खाली नाव. तर म्हणाले, "नको, लोक काय म्हणतील. किंगमेकरच टाका."

छापून दिलं. पैसे त्यांचे, फ्लेक्स त्यांचा. पण मला हे सलतं. तीस वर्षं खांबावर चढलेल्या माणसाला गावानं उसना डायलॉग द्यावा, हे मला बरोबर वाटत नाही. पोरांना न दुखावता हे कसं सांगायचं? तुमच्यापैकी कुणी असं काम करत असेल तर सांगा.

कृष्णाकाठ_सांगली

मी सांगलीत हौशी नाटकं बसवतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथं 'सीता स्वयंवर' केलं ते हे गाव, त्यामुळं इथं नाटकाचं वेड कमी नाही. पण हल्ली तालमीला येणारी पोरं संहितेत पदरची वाक्यं घालतात, आणि ती पदरचीही नसतात, मोबाइलवरची असतात. एकजण ऐन प्रसंगात "विषय कट!" म्हणतो, प्रेक्षक हसतात, आणि समोरचा नट आपलं वाक्य कुठून उचलायचं म्हणून बघत राहतो. हशा मिळाला, प्रसंग गेला.

आमच्या जवळच्या कवलापूरचे काळू-बाळू आठवा. जुळे भाऊ, तमाशातले सोंगाडे. त्यांचा विनोद समोरच्याच्या बोलण्यातून निघायचा. एकानं टाकलेला शब्द दुसरा तिथल्या तिथं उचलणार. त्यासाठी आधी समोरच्याचं नीट ऐकावं लागतं. पाठ केलेल्या डायलॉगला ऐकायची गरजच नसते, कुठंही चिकटवला तरी चालतो.

सगळे तयार डायलॉग वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. 'अशी ही बनवाबनवी' १९८८ ची, तरी "धनंजय माने इथंच राहतात का?" आजही चालतं. कारण ते दारात उभं राहूनच म्हणावं लागतं. प्रसंग जुळल्याशिवाय ते बाहेर पडत नाही, म्हणून ते झिजलं नाही. "ओक्के"ला असं दारच नाही, ते कुठूनही आत येतं.

माणदेशी_लेक

काका, तुमची पोस्ट आवडली, पण थोडं आमच्या बाजूनंही ऐका. मी आटपाडीकडची, कॉलेजला विट्याला जाते.

माझा भाऊ फौजेत आहे. तो फोनवर "आठवण येते" असं कधी म्हणणार नाही. त्याला ते जमतच नाही. "विषय हार्ड हाय इथं" म्हणतो आणि थांबतो. तेवढ्यावरून आईला कळतं, थंडी वाढलीय किंवा सुट्टी नाकारलीय. मग आई विचारते आणि तो सांगतो. तो शब्द नसता तर त्यानं "बरं हाय" म्हणून फोन ठेवला असता. लाजऱ्या पोरांना तोंड उघडायला असलं काहीतरी लागतं, ते काढून घेऊ नका.

आणि झाडी-डोंगाराबद्दल तुम्ही जे लिहिलंत, त्यात एक गोष्ट राहिली. सांगोला काय, आटपाडी काय, हा सगळा कमी पावसाचा मुलूख. आमच्याकडं टँकरची वाट बघत मोठी झालेली माणसं आहेत. असा माणूस आसामात गेला, तर त्याच्या डोळ्यात पहिल्यांदा झाडीच भरणार. राजकारण बाजूला ठेवा, पण ते बोलणं त्याचं स्वतःचं होतं, आपल्या बोलीतलं, समोर दिसेल ते सांगणारं. म्हणून तर लोकांना ते एवढं आवडलं. आपण त्यातलं बघणं सोडलं आणि "ओक्के" तेवढं उचललं. वायरमनचा फ्लेक्स करायला आलेल्या पोरांनी तुमच्या काउंटरवर जे सांगितलं, ते खरं तर शहाजीबापूंच्या त्या फोनसारखंच होतं.

ब्रशवाला_कऱ्हाड

फ्लेक्स यायच्या आधी मी कऱ्हाडात बोर्ड आणि भिंती रंगवायचो. एक कारण सांगतो, ते कुणी लिहिलं नाही. हातानं रंगवताना प्रत्येक अक्षराला वेळ लागायचा, पैसे त्या हिशोबानं. आधी खडूनं दोरी मारून ओळ आखायची, मग ब्रश. त्यामुळं माणूस घरूनच ठरवून यायचा आणि नेमकं सांगायचा. फ्लेक्सला दर चौरस फुटाचा. चार शब्द छापा नाहीतर चाळीस, पैसे तेवढेच. मग जागा भरायला दिलदार, डेरिंगबाज, लाखो दिलांची धडकन, सगळं ओतलं जातं. त्यात पोरांचा दोष थोडाच आहे.

उपाय सांगतो. "लोक काय म्हणतील" ही भीती तोंडी समजावून जात नाही, डोळ्यांनी बघूनच जाते. दोन प्रूफ काढा. एक त्यांच्या मॅटरचं, दुसरं तुमच्या एका ओळीचं, अक्षर मोठं आणि फोटोभोवती जागा मोकळी. दोन्ही मोबाइलवर पाठवा आणि म्हणा, घरी दाखवा. दुकानात चार मित्र असतात तिथं कुणी दुसरं प्रूफ निवडणार नाही. घरी आई, चुलती बघते, तिथं निकाल वेगळा लागतो. आणि शुभेच्छुकांची नावं पूर्ण ठेवा. त्यातलं एक जरी गाळलं तर तुमची ओळ कितीही चांगली असो, फ्लेक्स परत येणार.

फ्लेक्सवाला_कोरेगाव

सगळ्यांचे आभार. ब्रशवाले दादा, दोन प्रूफची गोष्ट लगेच सुरू करतो. दुसरं प्रूफ काढायला कोरल ड्रॉमध्ये वेळ तो कितीसा लागणार. ऑर्डरच्या वहीत साइज, तारीख, नावं यांच्या खाली एक रकाना वाढवतोय, "यांनी तुमच्यासाठी केलेलं एखादं काम". मॅटर विचारायच्या आधी हे विचारायचं.

ताई, तुमच्या भावाचं वाचून माझंही मत थोडं हललं. "विषय हार्ड" कुणी म्हटलं की आता मीच पुढं विचारीन, "म्हणजे काय झालं?" फौजेतल्या भावाला नमस्कार सांगा.

माणदेशी_लेक

सांगते काका. एकच, दशक्रियेच्या फ्लेक्सला तो रकाना दुकानात आलेल्या पोरांकडून भरून घेऊ नका. घरातल्या एखाद्या बाईला फोन लावायला सांगा. आणि तिला "काम" म्हणून विचारू नका, "रोज काय म्हणायचे?" असं विचारा.