प्रेक्षकांविना आयपीएल ही हाव नव्हती

तापीकाठ (भुसावळ): काल इथे एकाने लिहिलं, "२०२० मध्ये कोरोनाने लोक मरत होते आणि यांनी दुबईत रिकाम्या मैदानावर आयपीएल खेळवली, निव्वळ हाव." वाचून डोकं फिरलं. अहो, पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क १६,३४७ कोटींना विकलेले होते. ६० सामन्यांचा हंगाम धरला तर सामन्यामागे ५४ कोटींच्या वर. त्यापुढे तिकिटांचा गल्ला किती? सामनाच झाला नाही तर हे पैसे येत नाहीत, आणि त्यातला निम्मा वाटा संघांना जातो. त्या वर्षी मुख्य प्रायोजक विव्होही बाजूला झाली. तिच्या जागी ड्रीम इलेव्हनने २२२ कोटी दिले, आधीच्या जवळपास निम्मे. बुडणारा धंदा सावरण्याला हाव म्हणायचं का?

लालमाती (धुळे): धंदा त्यांचाच का सावरायचा? आमच्या जत्रा बंद, कुस्त्यांच्या दंगली बंद. पुतण्या तालमीत होता. खुराक परवडेना म्हणून शेवटी ट्रॅक्टरवर ड्रायव्हर झाला. त्याचे ५४ कोटी कोणी द्यायचे?

तापीकाठ: दादा, वाईट झालं. पण दंगलीत पैसा येतो कुठून? गावची वर्गणी, आणि माइकवर पुकारलेलं इनाम. लोकच नाहीत तर इनाम कोण लावणार? म्हणून ती बंद दाराआड होऊच शकत नाही.

लालमाती: तेच म्हणतोय! महाराष्ट्र केसरी जानेवारी २०२० ला पुण्यात झाली, मग थेट एप्रिल २०२२ ला साताऱ्यात. मधली वर्षं पैलवानाच्या वयातून गेली, ती परत येतात का? विजय चौधरींनी आपल्या जळगावला लागोपाठ तीनदा गदा आणली. त्यांच्या मागे पोरं उभी राहत होती, तेव्हाच हे झालं.

केळीबाग (रावेर): इनामाचं कौतुक पुरे. पुकारतात हजार, हातात देतात पाचशे. आधी जत्रा कमिट्यांचा हिशेब मागा.

लालमाती: आमच्या गावात इनाम तिथल्या तिथे रोख मिळतं. उगाच सगळ्यांना एका माळेत ओवू नका, भो.

केळीबाग: मी स्वतः पावती फाडली आहे, मला शिकवू नका.

आकडेमोड (जळगाव): दोघंही थांबा. प्रो कबड्डी २०२० मध्ये झालीच नाही. २०२१ चा हंगाम बंगळुरूच्या एकाच हॉटेलात, प्रेक्षकांविना झाला. मातीतलाच खेळ, पण टीव्हीचा करार होता म्हणून तगला. कुस्तीला तसा कायमचा करार नाही, खरं दुखणं तिथं आहे.

लालमाती: बरं, हाव म्हणत नाही. पण टीव्हीवाले पैसे देतात म्हणून तो खेळ जगवायचा आणि गावाच्या वर्गणीवरचा मरू द्यायचा, हे मला मान्य नाही. त्या दोन वर्षांत पैलवानांना महिन्याचं मानधन द्यायला हवं होतं.

तापीकाठ: मानधन द्यायलाच हवं होतं. ते सरकारकडे मागा. सामना रद्द करून ते मिळालं नसतं.