मदत हवी आहे: कूलरच्या खोलीत व्हाइट वाइन जास्त लवकर का तापते?

इंदूर, मे महिना. बाटली फ्रिजमधून काढली की वाइन ८ अंशांवर, ग्लासात १५० मिली. कूलर बंद असताना खोली ३५ अंश, चालू असताना २८. म्हणजे कूलर लावल्यावर ती जास्त वेळ गार राहायला हवी. थर्मामीटर उलटंच सांगतो: कूलरसमोरच्या टेबलावर ती निम्म्या वेळात १२ वर जाते. चूक मोजण्यात आहे की हिशेबात? आणि उपाय काय? बर्फ घालायचा नाही.

प्रतिसाद
आधी मोजण्याचं. काचेलगतची वाइन अगोदर तापते, हलकी होऊन वर येते आणि गार तळाशी राहते. ग्लास हलकेच फिरवून मगच वाचन घ्या. पण निम्म्या वेळाचा फरक एवढ्याने पडत नाही.

दोष कूलरचा. स्थिर हवेत ग्लासाच्या प्रत्येक चौरस मीटरला, दर अंश फरकामागे, साधारण १० वॅट उष्णता मिळते. झोतात हा आकडा २० च्या घरात जातो. शिवाय कूलर हवा ओली करतो. मेच्या कोरड्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं) १० च्या आसपास असेल, तर कूलरच्या खोलीत तो १८-२० होतो. मग ९ अंशांच्या काचेवर दव जमणारच, आणि १ ग्रॅम वाफेचं पाणी होताना सुमारे २४५० ज्यूल सुटतात. १५० मिली वाइन १ अंशाने तापायला ६३० ज्यूल पुरतात. दवाच्या उष्णतेतला मोठा वाटा वाइनमध्ये गेला, तर ग्रॅमभर दवामागे तीन-साडेतीन अंश गेलेच म्हणा.

धागाकर्ता
मग दव पुसत राहिलं तर?

प्रतिसाद
उपयोग नाही. उष्णता दव जमतानाच आत गेलेली असते. पुसलेल्या काचेवर नवं दव जमतं, एवढंच. ग्लास झोतातून बाजूला घ्या. पंख्याचंही तेच: तो हवा गार करत नाही, ग्लासाला मात्र तापवतो.

ग्लासाला ओलं फडकं गुंडाळण्याची युक्तीही इथे फसते. माठ गार होतो तो कोरड्या हवेत, आणि तोही २० अंशांच्या आसपासच थांबतो. ८ अंशांच्या वाइनला त्याचा काय उपयोग?

दुसरा प्रतिसाद
सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ग्लास आधी फ्रिजमध्ये ठेवणे. वाइनला टेकणारी काच ६० ग्रॅम धरा. ती ३५ अंशांवर असेल तर ओतताक्षणीच ८ ची वाइन १० वर जाते. तिथून १२ ला स्थिर हवेत जेमतेम ६ मिनिटं. ग्लास गार असेल तर ८ पासून १२ पर्यंत १२ मिनिटं. वेळ दुप्पट, खर्च शून्य.

ग्लास दांडीला धरा. तळव्याचा स्पर्श हवेपेक्षा कितीतरी जास्त उष्णता देतो, आणि तीही अगदी वाइनला टेकून.

७५ मिली ओतल्यास ती थोडी लवकर तापते, कारण आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त. पण संपतेही लवकर, म्हणून माझं मत कमी ओतण्याच्या बाजूने.

बाजारातले दगडी क्यूब घेऊ नका. फ्रीझरमधला २० ग्रॅमचा दगड १५० मिलीला जेमतेम पाऊण अंश उतरवतो. गोठवलेलं ५ ग्रॅमचं एक द्राक्ष अडीच अंश उतरवतं, कारण त्यातला बर्फ वितळतो. आणि चवीत पाणी मिसळत नाही.

धागाकर्ता
रेडचं काय? ‘रूम टेम्परेचर’ला द्यायची म्हणतात.

दुसरा प्रतिसाद
ती खोली युरोपातली, १६-१८ अंशांची. आपल्या ३५ च्या खोलीतून १७ वर आणायला फ्रिजमध्ये जवळजवळ दीड तास लागतो. रेड ‘अर्धा तास’ फ्रिजमध्ये ठेवा असं लिहिलेलं असतं, तो हिशेब थंड देशातल्या बाटलीचा आहे. घाई असेल तर बर्फ आणि फ्रिजचं पाणी मिसळून बाटली मानेपर्यंत बुडवा, पंधरा मिनिटं पुरतात. नुसता बर्फ बाटलीला ठिकठिकाणीच टेकतो, आणि नळाच्या ३२ अंशांच्या लिटरभर पाण्याने आधी ४०० ग्रॅम बर्फ खाल्ला जातो.