सराव भरपूर, तरी शर्यतीत पाय जड

"सामन्यात गळपटतो म्हणजे सराव कमी पडला" असं एका पालकांनी आपल्या लेकाबद्दल लिहिलंय, ते मला अजिबात पटत नाही. माझी लेक ठाण्यात दादोजी कोंडदेव स्टेडियमवर १०० मीटरचा सराव करते. एरवी सुसाट, शर्यतीआधी मात्र हात गार, स्पाइक्सची, म्हणजे खिळ्यांच्या बुटांची, नाडी तीन-तीनदा सोडून बांधायची. अंगवळणी पडलेली हालचाल मन मुद्दाम तपासायला लागलं की लयच तुटते. क्रीडा मानसतज्ज्ञ ताईंनी तिला ठरलेला क्रम दिला: सावकाश लांब उच्छ्वास, दोन उड्या, मनात एकच शब्द, 'ढकल'. रोजच्या सरावातही तोच, नाहीतर ऐनवेळी आठवत नाही. २०११च्या क्रिकेट विश्वचषकात भारतीय संघासोबत प्रशिक्षक पॅडी अप्टन होते ते मनाच्या तयारीसाठीच. तुमच्या लेकाला ओरडू नका हो, फार लागतं पोरांना. आधी हे महिनाभर करून बघा.