घरचं पोकर: अपुऱ्या ऑल-इननंतर पुन्हा रेझ करता येतो का? मदत हवी आहे

आमच्या घरच्या डावात एक वाद पेटलाय आणि काही केल्या मिटत नाहीये. जाणकारांनी कृपया मत द्यावं.

खेळ नो-लिमिट होल्डेम (बेटला वरची मर्यादा नाही), ब्लाइंड (डावाच्या सुरुवातीच्या सक्तीच्या बेट) ५०-१००. फ्लॉपवर (टेबलावरची पहिली तीन सामाईक पानं उघडल्यावर) अ ने ३०० ची बेट लावली. ब कडे ४०० च्याच चिप्स उरल्या होत्या, तो ऑल-इन गेला, म्हणजे त्या सगळ्या लावल्या. क ने ४०० कॉल केले, म्हणजे तेवढेच भरले. पाळी परत अ कडे आली तसा तो म्हणाला, "रेझ, १२००" (म्हणजे बेट वाढवून १२००). क ने तिथेच हरकत घेतली: तू फक्त वरचे १०० भर नाहीतर पानं टाक.

अ चं म्हणणं, ३०० चे ४०० झाले म्हणजे रेझ झालाच. मला वाटतं क बरोबर आहे. ३०० च्या बेटवर पूर्ण रेझ म्हणजे निदान ६००. ब ने वर घातले जेमतेम १००, त्यामुळे एकदा खेळून झालेल्या अ ला रेझ खुला होत नाही. क ची पाळी तेव्हा व्हायची होती, त्याला मात्र रेझ करता आला असता, किमान ७०० पर्यंत (४०० वर पूर्ण ३००). अ म्हणतो की निम्मा रेझ पुरतो. तो नियम लिमिट खेळातला (जिथे बेटची रक्कम ठरलेली असते), आणि १०० हे ३०० च्या निम्मे तरी कुठे आहेत?

खरी अडचण पुढे आहे. क हाच यजमान, आमच्याकडे शेवटचा शब्द यजमानाचा, आणि तो स्वतःच त्या डावात होता! निकाल योग्य असूनही अ च्या मनातून जात नाही की क ने स्वतःच्या फायद्याचं बोलून घेतलं. शिवाय अ तोंडाने "रेझ" बोलून गेल्यामुळे त्याच्याकडे भारी पानं आहेत हे क ला फुकटात कळलं. ही दुसरी तक्रार मला रास्त वाटते. अशा वेळी काय करतात?

ता. क. एक भिडू १०० कॉल करायचे असताना न बोलता ५०० ची एकच चिप सरकवतो, सगळ्यांचे चेहरे बघतो आणि मग "रेझ" म्हणतो. हे मला फार खटकतं.

प्रतिसाद

नियम तुम्ही बरोबर सांगितलाय. अ चा रेझ रद्द, पण त्याचे ४०० पॉटमध्येच (डावात जमलेल्या रकमेत) राहायला हवेत. पाळीवर तोंडाने बोललेलं बांधील असतं, त्यामुळे रेझ चालत नसला तरी तो कॉल धरतात. फोल्डची (पानं टाकण्याची) सूट देऊ नका. क ला पानांचा अंदाज आला हे खरं, पण त्याची भरपाई नसते.

निकाल डावाबाहेरच्या भिडूने द्यावा, यजमान खेळत असेल तर हमखास. टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनचे नियम छापून टेबलावर ठेवा, पानं वाटण्याआधी सगळ्यांची संमती घ्या. न बोलता टाकलेली मोठी एकच चिप त्या नियमांतही कॉलच असते. त्या भिडूला डाव सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांदेखत सांगा.