अनुभव धागा : डिझाइन शिकताना डोळे उघडणारी चूक

ग्राफिक डिझाइनच्या पहिल्या वर्षात आपण तोल, विरोध, लय, मोकळी जागा असे शब्द भराभर शिकतो आणि परीक्षेत त्यांच्या व्याख्याही बिनचूक लिहितो. त्या शब्दांचा अर्थ मात्र बहुधा एखादे काम पुरते फसल्यावरच कळतो. अशाच एखाद्या फसलेल्या कामाविषयी येथे लिहावे, अशी सर्वांना विनंती आहे. कोणता लॅपटॉप घ्यावा, कोणते सॉफ्टवेअर आधी शिकावे यांवर पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून ते या धाग्यात नको. काम काय होते, नेमके कुठे चुकले आणि त्यानंतर हाताची कोणती सवय बदलली, एवढे सांगितले तरी पुरे. सुरुवात मीच करतो.

*

महाविद्यालयातील चित्रप्रदर्शनाचे पोस्टर करण्याचे काम पहिल्याच वर्षी माझ्याकडे आले होते. पार्श्वभूमीसाठी मी पडद्यावर झळाळणारा गडद निळा रंग निवडला आणि फाइल छपाईला पाठवून दिली. गठ्ठ्याचे वेष्टन सोडले तेव्हा समोर आला तो मरगळलेला जांभळा. मी तावातावाने प्रेसमध्ये गेलो. तेथील अनुभवी कारागिराने काही न बोलता माझी फाइल उघडली आणि त्या निळ्यामध्ये सायन या आकाशी शाईच्या जवळजवळ बरोबरीने मॅजेंटा ही गडद गुलाबी शाई भरलेली आहे, हे आकड्यांवर बोट ठेवून दाखवले. “जांभळा तुम्हीच दिला आहे,” एवढेच ते म्हणाले.

पडदा प्रकाश मिसळतो. तेथे लाल, हिरवा आणि निळा पूर्ण तेजाने एकत्र आले की पांढरा होतो. शाईचे काम याच्या उलट आहे. ती कागदावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग शोषून घेते, त्यामुळे शाईवर शाई चढत गेली की रंग काळपट होत जातो. पडद्यावरच्या सर्वांत तेजस्वी निळ्याला सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार शायांमध्ये जोडच नाही, ही गोष्ट वर्गात आम्हाला सांगितली गेली होती आणि मी ती वहीत लिहूनही घेतली होती.

त्याच पोस्टरच्या एका कडेला पांढरी रेघ राहिली होती, कारण रंग कागदाच्या मापापर्यंतच नेला होता आणि कटिंगचे पाते केसभर सरकले होते. तेव्हापासून चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापण्याच्या रेषेबाहेर नेलेला जादा रंग, सोडल्याशिवाय मी पान उघडतच नाही.

*

आमच्या शिक्षिकेने पहिले सहा आठवडे संगणकाला हात लावू दिला नाही. काळ्या कागदाचे चार सारखे चौरस, एक पांढरा चौकोनी कागद आणि चिमटा, एवढेच साहित्य होते. चौरस कापायचे नाहीत, दुमडायचे नाहीत. केवळ जागा बदलून कधी ‘गर्दी’, कधी ‘ताण’, तर कधी ‘एकटेपणा’ दाखवायचा. मला हा पोरखेळ वाटला होता आणि तसे मी मैत्रिणीजवळ बोलूनही दाखवले होते.

‘एकटेपणा’साठी मी तीन चौरस एका कोपऱ्यात ठेवले आणि चौथा विरुद्ध कडेशी नेला. मॅडमनी पाहिले, चिमट्याने तो चौथा चौरस कडेपासून काडीच्या जाडीइतका आत घेतला आणि विचारले, “आता कसा दिसतो?” तो एकटा दिसत नव्हता, चुकून घसरल्यासारखा दिसत होता. त्यांनी तो आणखी बोटभर आत घेतला, तेव्हा तो मुद्दाम दूर जाऊन उभा राहिल्यासारखा वाटू लागला. मग कडेच्या बाहेर अर्धा ढकलला, तर तो निघून चालला होता. चौरस तोच होता आणि कागदही तोच होता. दोन आकार एकमेकांना जेमतेम टेकले किंवा टेकता टेकता राहिले, की पाहणाऱ्याला तो निर्णय न वाटता निष्काळजीपणा वाटतो, हे मी त्या दिवशी पाहिले. आजही मांडणी करताना माझी नजर प्रथम अशा अर्धवट अंतरांकडे जाते.

जवळ असलेल्या वस्तू डोळा आपोआप एका गटात धरतो, हे माक्स वेर्टहायमर यांनी १९२३ मध्ये साध्या ठिपक्यांच्या ओळींवरून मांडले होते. ते प्रकरण आम्हाला त्यानंतर महिन्याभराने शिकवले गेले. क्रम तसाच असावा, असे माझे मत आहे. आधी व्याख्या हाती आली असती तर मी चौरस हलवलेच नसते.

*

माझा अनुभव देवनागरीचा आहे, आणि तो थोडा लांबणार आहे.

टायपोग्राफीचे बहुतेक धडे रोमन लिपीच्या आधारे शिकवले जातात. शीर्षक भारदस्त दिसावे म्हणून अक्षरांमधले अंतर वाढवावे, ही युक्ती मी अशीच शिकलो आणि पहिल्याच मराठी निमंत्रणपत्रिकेवर ती जशीच्या तशी वापरली. प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेषेची चिंधी डोक्यावर घेऊन सुटे उभे राहिले. काना एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. शब्द वाचता येत होता, पण तो शब्द राहिला नव्हता. सरांनी लाल पेन्सिलने सगळ्या तुटलेल्या रेषा जोडून कागद परत दिला. देवनागरी शीर्षकाला ऐसपैसपणा हवा असेल, तर मुळातच रुंद बांधणीचा टाइप निवडावा, शब्दांमधले अंतर वाढवावे किंवा भोवतालची जागा मोकळी सोडावी. शिरोरेषा ताणून तो येत नाही.

दुसरी चूक ओळींच्या अंतराची. सॉफ्टवेअर बहुधा स्वतःहून अक्षराच्या मापाच्या १२० टक्के अंतर देते, म्हणजे १० पॉइंटला १२ पॉइंट. मराठीत वरच्या ओळीतले उकार आणि ऋकार खाली उतरतात, खालच्या ओळीतल्या वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार वर चढतात, आणि मधल्या अरुंद बोळात त्यांची टक्कर होते. ‘पृथ्वी’च्या खाली ‘सर्वांपर्यंत’ आले की काय होते, ते छापून पाहावे. मी आता सलग मजकुराला दीडपटीच्या आसपास अंतर देतो आणि मग डोळ्याने कमी करत आणतो. शिवाय, मजकूर बसवण्यापूर्वी भारतीय लिपी जुळवणारा कंपोझर (सॉफ्टवेअरमधली अक्षरे जुळवण्याची सोय) निवडलेला आहे ना, हे तपासतो. तो नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. हे ज्याला वाचता येत नाही अशा सहकाऱ्याच्या हातून तशीच फाइल छापली जाऊ शकते.

सुलेखनाच्या तासालाही असाच धडा मिळाला. रोमनसाठी कापलेल्या टोकाने मी बाराखडी गिरवत होतो आणि अक्षरे परकी का दिसतात, ते कळत नव्हते. देवनागरीच्या बोरूचा काप रोमन लेखणीच्या नेमका उलट तिरका असतो, त्यामुळे जेथे जाडी यायला हवी तेथे माझी रेषा बारीक होत होती. बोरू नव्याने कापून पहिले ‘क’ काढले आणि ते आपले वाटले.

*

फार काही सांगण्यासारखे नाही. दोन मीटरवर उभे राहायचे आणि डोळे बारीक करून आपले पोस्टर पाहायचे, एवढे मला एका वरिष्ठ विद्यार्थ्याने शिकवले. तपशील पुसला जातो आणि उरलेल्या डागांमध्ये सर्वांत ठळक कोणता, ते दिसते. माझ्या पहिल्या पोस्टरमध्ये सर्वांत ठळक डाग प्रायोजकाच्या बोधचिन्हाचा होता.

*

आमच्या गटाने आपत्कालीन सूचनांचा एक तक्ता केला होता. हिरव्या पट्टीवर लाल अक्षरे अशी रंगसंगती होती आणि ती आम्हाला फारच जोरकस वाटत होती. वर्गातल्या एका मित्राने तक्ता पाहून प्रामाणिकपणे विचारले, “पट्टीवर काही लिहायचे राहिले आहे का?” त्याला लाल आणि हिरव्यातला फरक फारसा जाणवत नाही, हे दोन वर्षे एकत्र बसूनही आम्हाला ठाऊक नव्हते.

त्यानंतर आम्ही आकडेमोड केली. वेबवरील सुगमतेच्या प्रचलित निकषांनुसार सामान्य आकाराच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी विरोध किमान ४.५ ला १ असावा लागतो. आमचा लाल (२५५, ०, ०) आणि आमचा हिरवा (०, १२८, ०) यांचे गुणोत्तर १.३ ला १ एवढेही भरले नाही. रंग वेगळा असणे आणि उजळपणा वेगळा असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि अक्षरे वाचली जातात ती प्रामुख्याने उजळपणातल्या फरकामुळे. तो तक्ता करड्या छटांमध्ये छापला तेव्हा आमच्याही डोळ्यांना पट्टी कोरीच दिसली. आता प्रत्येक काम आधी करड्यात छापून पाहतो. रंगाच्या जोडीला आकार किंवा खूणही देतो, कारण नुसत्या रंगावर कोणतीही सूचना टांगून ठेवू नये.

*

वर दोघातिघांनी संगणकापासून दूर राहण्याचे गुण गायले आहेत. मी सहमत नाही. माझा डोळा पेन टूलने, म्हणजे बिंदू जोडून वक्र रेषा काढण्याच्या संगणकावरील साधनाने घडवला.

पहिले बोधचिन्ह मी एका पक्ष्याच्या छायाचित्रावरून गिरवले आणि जेथे वळण दिसेल तेथे बिंदू टाकत गेलो. एकूण १४० बिंदू झाले. दुरून पक्षी बरा दिसे, पण मोठा केला की त्याची पाठ सुकलेल्या पानासारखी खडबडीत होई. सरांनी मला एकच वर्तुळ काढायला सांगितले आणि त्याचे बिंदू मोजायला लावले. ते चार होते: वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे. वळण जेथे आपल्या टोकाला पोहोचते तेथे बिंदू, आणि मधला सगळा बाक हँडलच्या, म्हणजे बिंदूतून निघणाऱ्या ओढण्याच्या दांडीच्या, लांबीवर सोपवायचा. या वक्रांचे गणित मोटारींच्या पत्र्याला बाक देण्यासाठी पुढे आले. रेनो कंपनीतल्या पिएर बेझिए यांचे नाव त्यांना मिळाले, मात्र सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेलजो यांनी त्याच वक्रांवर त्यांच्याही आधी काम केले होते. मला ही माहिती उगाच आवडते, कारण मोटारीच्या पाठीवरून हात फिरवताना जे जाणवते तेच चांगल्या बोधचिन्हाच्या कडेवर नजरेला जाणवायला हवे. तोच पक्षी मी पुन्हा काढला, तेव्हा १६ बिंदू लागले.

*

ग्रंथालयाचा दिशादर्शक नकाशा करण्याचा प्रकल्प होता. मी टेप घेऊन दोन दिवस सगळी दालने मोजली, प्रत्येक कपाट आणि प्रत्येक खांब प्रमाणात काढला. नकाशा दारापाशी लावला, आणि लोक त्याच्यासमोर उभे राहून शेजारच्या शिपाईकाकांना वाट विचारू लागले.

लंडनच्या भुयारी रेल्वेचा हॅरी बेक यांचा नकाशा १९३३ मध्ये लोकांच्या हाती आला. त्यात मार्ग आडवे, उभे किंवा ४५ अंशांत आहेत आणि स्थानकांमधली खरी अंतरे सोडून दिलेली आहेत. अभ्यासक्रमात तो पाहिला होता, पण आपला नकाशा फसल्यावर पुन्हा पाहिला तेव्हा त्यांनी काय काय टाकून दिले, हे मोजता आले. पाहणाऱ्याला अंतर नको होते; कोठे वळायचे, तेवढे हवे होते. दुसऱ्या नकाशात मी खांब काढले नाहीत. जिना मात्र प्रमाणापेक्षा तिप्पट मोठा दाखवला, कारण लोक तोच शोधत होते. खोटे काढल्याची टोचणी मला बरेच दिवस होती.

*

दृश्यमाध्यमाच्या अभ्यासक्रमात तीन मिनिटांचा लघुपट करायचा होता. दोन मित्र समोरासमोर बसून बोलत आहेत, एवढाच प्रसंग. पहिला कोन एका बाजूने घेतला आणि दुसऱ्यासाठी उजेड चांगला मिळतो म्हणून कॅमेरा टेबलाच्या पलीकडे नेला. संकलनाला बसल्यावर दोघेही पडद्याच्या उजव्याच बाजूला पाहताना दिसू लागले, जणू दोघे मिळून तिसऱ्याच माणसाशी बोलत आहेत. बोलणाऱ्या दोघांना जोडणारी एक काल्पनिक रेषा असते आणि तिच्या एकाच अंगाला राहायचे, हा नियम चित्रीकरणाच्या वेळी कोणालाही आठवला नाही. शेवटी दोन्हींच्या मध्ये टेबलावरच्या हातांचा एक तुकडा घालून वेळ निभावून नेली.

त्या तुकड्याची लांबी ठरवताना मात्र बरेच शिकलो. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर १२ फ्रेम म्हणजे साधारण अर्धा सेकंद. हात १२ फ्रेम ठेवला की प्रेक्षकाला नुसता झटका बसे. ४० फ्रेम ठेवला की हातांमध्ये काही गुपित असावे असे वाटे आणि पुढच्या संवादाकडे लक्षच जात नसे. २६ वर थांबलो. का, ते मला सांगता येणार नाही.

*

धागाकर्त्यांना एक शंका विचारते. पोस्टरवरची काळी अक्षरे आपण कशी देता? माझ्या पत्रकावरचा बारीक मजकूर छापून आला तेव्हा प्रत्येक अक्षराला एका बाजूने लालसर आणि दुसऱ्या बाजूने निळसर कड होती.

*

आपला काळा बहुधा पडद्याच्या रंगपद्धतीतून रूपांतरित झाला असावा, म्हणजे तो चारही शाया मिळून तयार झाला. प्रत्येक शाईची छपाईची वेगळी प्लेट असते; या चार प्लेटचे ठसे एकमेकांवर तंतोतंत बसले नाहीत, की बारीक अक्षरांच्या कडा अशा फुटतात. सलग मजकुराला फक्त काळी शाई १०० टक्के द्यावी आणि बाकी तिन्ही शून्य ठेवाव्यात. मोठ्या काळ्या पार्श्वभूमीला मात्र थोडा सायन मिसळला तर काळा भरीव दिसतो. फाइल पाठवण्याआधी प्लेट एकेक करून पडद्यावर पाहाव्यात. सायनच्या प्लेटवर मजकूर दिसला, तर तेथेच थांबावे.